कारखान्याभोवतीची जमीन

भूगोलाच्या पुस्तकात उद्योगधंद्यांच्या स्थानावर एक धडा असतो. कच्चा माल, पाणी, वीज, वाहतूक, मजूर, बाजारपेठ ही कारणे मुले पाठ करतात आणि परीक्षेत ओळीने लिहितात. कारखाना जागेवर उभा राहिला की धडा संपतो. पण कारखान्याने घेतलेली सगळीच जमीन काही छपराखाली जात नाही. कितीतरी जमीन मोकळी राहते. तिचे पुढे काय होते, हा प्रश्न धड्यात येत नाही.

एखाद्या औद्योगिक वसाहतीतून आपण चक्कर मारली तर बहुधा एकसारखे चित्र दिसते. फाटकाजवळ हिरवळीचा तुकडा, भोवती कातरलेली मेंदी, मध्ये कंपनीच्या नावाची पाटी, जमल्यास एखादे कारंजे. इमारतीच्या मागे जावे तर सिमेंटचे अंगण, गंजलेले भंगार आणि उघडे गटार. पुढची जमीन पाहुण्यांसाठी असते, मागची कुणाचीच नसते.

ही मांडणी आली कोठून? तिला इतिहास आहे, आणि तो यंत्रांच्या इतिहासाइतकाच शिकण्यासारखा आहे. गेल्या दीडशे वर्षांत कारखानदारांनी आपल्या मोकळ्या जमिनीबद्दल वेगवेगळे प्रश्न विचारले. कामगार इथे निरोगी राहील का? पाहणाऱ्याला हे आवार कसे दिसेल? इथे पडलेले पाणी कोठे जाईल? जसा प्रश्न, तसे आवार घडले. यातला तिसरा प्रश्न सर्वांत उशिरा विचारला गेला. आपल्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

हिरवळ आली कापडगिरणीतून

सुरुवात हिरवळीपासूनच करू. आखूड कापलेल्या गवताचा सपाट गालिचा ही मूळची इंग्लंड-फ्रान्समधल्या सरदारांच्या वाड्यांची चैन. गवत कापायला लांब दांड्याचे विळे चालवणारे तरबेज मजूर लागत, नाहीतर मेंढ्या सोडाव्या लागत. ज्या जमिनीतून धान्य येत नाही ती केवळ पाहण्यासाठी राखणे कुणाला परवडणार? म्हणजे हिरवळ हा श्रीमंतीचा पुरावाच होता.

ही चैन स्वस्त झाली ती एका कारखान्यामुळे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउडच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर राहिलेली लव एकसारखी कापण्यासाठी तिथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरत. एडविन बडिंग या कारागिराला सुचले की कापडावरची लव कापता येते तर जमिनीवरचे गवत का कापता येऊ नये? १८३० साली त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. नळकांड्यावर बसवलेली वळणदार पाती आणि खाली एक स्थिर पाते, ही त्याची रचना हाताने ढकलायच्या यंत्रांत आजही दिसते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. इंग्लंडमध्ये पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. तिथली हिरवळ आभाळाच्या पाण्यावर जगते. बडिंगचे यंत्र पुढे जगभर गेले, हिरवळीची हौसही गेली, पण तिथला पाऊस मात्र तिथेच राहिला.

बोर्नव्हिल : कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील बर्मिंगहॅम हे धुराचे शहर होते. रिचर्ड आणि जॉर्ज या कॅडबरी बंधूंचा कोको-चॉकलेटचा कारखाना तिथल्या ब्रिज स्ट्रीटवर दाटीवाटीत होता. खाण्याचा पदार्थ तयार करायचा तर स्वच्छ जागा हवी, आणि कामगारालाही श्वास घ्यायला मोकळी हवा हवी, असा विचार करून त्यांनी १८७९ मध्ये शहरापासून सहा-साडेसहा किलोमीटर दक्षिणेला, बोर्न नावाच्या ओढ्याकाठी कारखाना हलवला. जवळून कालवा आणि आगगाडी जात होती, त्यामुळे मालाची ने-आण अडत नव्हती. नव्या जागेला त्यांनी बोर्नव्हिल हे फ्रेंच वळणाचे नाव दिले, कारण त्या काळी फ्रेंच चॉकलेटचा मोठा नावलौकिक होता.

या कारखान्याला लोक ‘बागेतला कारखाना’ म्हणू लागले. कामगारांसाठी खेळाची मैदाने होती, बायकांसाठी वेगळी बाग होती. १८९३ मध्ये जॉर्ज कॅडबरीने शेजारची १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून तिथे घरे बांधायला सुरुवात झाली. घरे बांधण्याचा नियम सोपा होता. प्लॉटच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त जागेवर घर बांधायचे नाही. उरलेल्या जागेत बाग, तीही भाजीपाल्याची आणि फळझाडांची. १९०० साली ही मालमत्ता एका विश्वस्त संस्थेकडे सोपवली गेली. घरांच्या बागा आणि रस्ते सोडून आणखी एक दशांश जमीन उद्यानांसाठी राखावी, अशी तरतूद तेव्हा केली गेली.

पुढे बोर्नव्हिलच्या मुलांची उंची आणि वजन बर्मिंगहॅमच्या दाट वस्तीतील मुलांशी ताडून पाहिले गेले आणि बोर्नव्हिलची मुले सरस ठरली. वर्गात चर्चेला घेण्याजोगे हे उदाहरण आहे. मुले सुदृढ झाली ती बागेमुळे, की चांगल्या पगारामुळे, की कोरड्या उजेडाच्या घरांमुळे? एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या असतील तर श्रेय एकीला देता येत नाही. तरी जमिनीची आखणी करताना तिथे जो राहतो त्याच्या फुप्फुसांचा आणि ताटाचा विचार झाला होता, एवढे नक्की म्हणता येते.

डेटन : पाहणाऱ्याच्या डोळ्याचा प्रश्न

अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. जॉन पॅटरसन याने १८८४ मध्ये तिथे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी सुरू केली. दुकानातल्या गल्ल्याचा हिशेब ठेवणारी यंत्रे ती बनवत असे. कारखान्याच्या भोवतालची वस्ती गरीब होती आणि तिथली पोरे कारखान्याच्या खिडक्यांवर दगड मारत. पॅटरसनने पहारा वाढवण्याऐवजी १८९७ मध्ये या मुलांना जमिनीचे छोटे वाफे आणि अवजारे दिली आणि भाजी पिकवायला शिकवणारा माणूस नेमला. शालेय बागेची कल्पना मांडणाऱ्यांनी या प्रयोगाचा पुढे पुष्कळ दाखला दिला.

पॅटरसनने आवाराच्या आखणीसाठी ऑल्मस्टेड यांच्या संस्थेला बोलावले. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणाऱ्या फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेडचा वारसा चालवणारी ही संस्था होती. कंपनीने बागेची तीन सूत्रे आपल्या कामगारांना आणि शेजाऱ्यांना शिकवली. मध्यभागी मोकळी हिरवळ ठेवा, झाडेझुडपे गटाने लावा, सरळ रेषा टाळा. आजही एखाद्या कंपनीचे आवार आखताना हीच तीन सूत्रे, कुणाची आहेत हे माहीत नसताना, पाळली जातात. ही तिन्ही सूत्रे डोळ्यासाठी आहेत. माती, उतार आणि पाणी यांचा त्यांत उल्लेख नाही.

पाण्याने आपली आठवण स्वतःच करून दिली. मार्च १९१३ मध्ये ग्रेट मायामी नदीला महापूर आला आणि डेटन शहराचा मध्य भाग बुडाला. त्या खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. पॅटरसनचा कारखाना उंचवट्यावर होता, म्हणून तो वाचला. तिथल्या सुतारांनी भराभर सपाट तळाच्या होड्या बांधल्या, कारखान्यात हजारो लोकांना आसरा आणि अन्न मिळाले.

पूर ओसरल्यावर जे घडले ते आपल्या विषयाला जास्त जवळचे आहे. लोकांनी वर्गणी काढली आणि आर्थर मॉर्गन या इंजिनिअरच्या देखरेखीखाली वरच्या खोऱ्यात पाच मातीची धरणे बांधली. १९२२ पर्यंत ती पुरी झाली. या धरणांत एरवी पाणी साठवत नाहीत. त्यांच्या तळाशी कायम उघडे भुयार असते. नेहमीचे पाणी त्यातून निघून जाते. पूर आला की भुयारात मावत नाही तेवढे पाणी मागे तुंबते आणि हळूहळू सुटते. पूर नसताना धरणामागच्या जमिनीवर शेती चालते. शहराचे रक्षण शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीने केले. पाण्याला थांबायला जागा ठेवणे हेही जमिनीचे एक काम आहे, हे डेटनला पुरानंतर कळले.

साकची आणि कुंडल

आता आपल्याकडे येऊ. जमशेटजी टाटा यांनी १९०२ मध्ये परदेशातून आपला मुलगा दोराबजी यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पोलादाच्या कारखान्याची जागा तेव्हा ठरलीही नव्हती. तरी कामगारांच्या गावाबद्दल त्यांनी बारकाईने सूचना दिल्या. रस्ते रुंद असावेत, त्यांवर सावली देणारी झाडे लावावीत आणि त्यांतले एकाआड एक झाड लवकर वाढणाऱ्या जातीचे असावे. बागा, खेळाची मैदाने आणि सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे यांसाठी जागा सोडावी.

‘एकाआड एक’ या सूचनेत वनस्पतिशास्त्र आहे. भरभर वाढणारे झाड चार-पाच वर्षांत सावली देते, पण त्याचे लाकूड बहुधा ठिसूळ आणि आयुष्य कमी. सावकाश वाढणारे झाड पन्नास-शंभर वर्षे टिकते, पण ते लावणाऱ्याला सावली मिळेलच असे नाही. दोन्ही मिसळून लावली की आजची पिढीही सावलीत चालते आणि नातवंडेही. १९०४ मध्ये जमशेटजी वारले. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली, सुवर्णरेखा आणि खरकई या नद्यांच्या संगमाजवळचे साकची गाव निवडले गेले, आणि १९१२ मध्ये तिथे पोलाद तयार होऊ लागले. १९१९ मध्ये गावाला जमशेदपूर हे नाव मिळाले.

त्याच सुमारास महाराष्ट्रात आणखी एक गाव उभे राहत होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील आपला लोखंडी नांगराचा कारखाना हलवणे भाग पडले होते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जागा दिली. १९१० मध्ये मंडळी तिथे पोहोचली तेव्हा तिथे उघडा माळ, फड्यानिवडुंग आणि नाग होते. आधी निवडुंग तोडायचा, मग जमीन सारखी करायची, मग छप्पर घालायचे, या क्रमाने किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी १९८२ मध्ये आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’, म्हणजे निवडुंग आणि गुलाब, असे नाव दिले.

इथे निवडुंगाबद्दल दोन शब्द. फड्यानिवडुंग आपला नव्हेच, तो अमेरिका खंडातून आला. कुंपणाला उपयोगी म्हणून लावला गेला आणि चराऊ माळरानांवर पसरला. १९२६ मध्ये निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील कुळातील एका किड्याची जात श्रीलंकेतून भारतात आणली गेली, आणि दक्षिण भारतात हजारो हेक्टर जमीन निवडुंगापासून मोकळी झाली. जे काम कोयत्यांनी होईना ते किड्याने केले. बाहेरून आणलेली वनस्पती आवाराबाहेर पडली तर काय होते, याचा हा धडा आहे. शोभेसाठी आणलेली घाणेरी आज आपल्या डोंगरांवर कशी माजली आहे ते आपण पाहतोच.

किर्लोस्करवाडीच्या मंडळींना पाहुण्यांना काय दाखवायचे याची चिंता करायला फुरसत नव्हती. पिण्याचे पाणी कोठून आणायचे, सांडपाणी कोठे सोडायचे, सावली कशी मिळवायची हे प्रश्न रोजचे होते. कमी पावसाच्या त्या पट्ट्यात पाणी हा सगळ्या आखणीचा पाया होता. याच कारखान्यात १९२६ पासून पाण्याचे पंप तयार होऊ लागले.

हिरवळीचे साम्राज्य आणि एक साधा हिशेब

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी आपली कार्यालये गजबजलेल्या शहरांतून उपनगरांत आणि खेड्यांच्या कडेला नेली. शेकडो एकरांचे आवार, मध्ये इमारत, भोवती लाटांसारखी उतरत जाणारी हिरवळ आणि एक तळे, असा नमुना रूढ झाला. शेतीची अवजारे बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीचे इलिनॉय राज्यातील मोलीन येथील मुख्यालय १९६४ मध्ये सुरू झाले. इमारत ईरो सारिनेन यांची, आवाराची आखणी हिदेओ सासाकी यांच्या संस्थेची. तिथली तळी शोभेबरोबर इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेला थंड करण्याचेही काम करत. ज्यांनी हा नमुना पुढे उचलला त्यांनी अनेकदा तळ्याची शोभा उचलली, त्याचे काम सोडून दिले.

हाच नमुना आपल्याकडेही आला. तो आपल्या हवेत कसा बसतो, हे पाहायला मोठी साधने नकोत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एवढे समीकरण पुरे.

एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. आपल्या कोरड्या हंगामात हिरवळ हिरवी ठेवायला दिवसाला ४ मिलिमीटर पाणी लागते असे धरू. मग रोजचे १६,००० लिटर झाले. नोव्हेंबर ते मे असे २१० दिवस धरले तर ३३ लाख ६० हजार लिटर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठेवले. त्या प्रमाणाने एक एकर हिरवळ रोज २९० माणसांचे पाणी पिते. सांडपाणी शुद्ध करून वापरले तर हा भार कमी होतो, आणि तसे करणारे कारखाने आहेतही. पण तेच पाणी सावली देणाऱ्या झाडांना घालणे जास्त शहाणपणाचे नाही का, हा प्रश्न उरतोच. झाडाची मुळे खोल जातात आणि दोन-तीन वर्षांनंतर अनेक देशी झाडे वरच्या पाण्यावाचून उन्हाळा काढतात. हिरवळीची मुळे वितीच्या आसपास राहतात आणि ती दरवर्षी पहिल्यासारखीच तहानलेली असते.

आपल्याकडे मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक मंजुरी देताना साधारणपणे काही टक्के जागेवर हरित पट्टा ठेवण्याची अट घालतात. अट चांगली आहे. पण ती क्षेत्रफळ मोजते. त्या पट्ट्यात काय लावले, ते धूळ अडवते का, पाणी मुरवते का, पाखरांना आसरा देते का, हे आकड्यात दिसत नाही.

रूज : पाण्याचा प्रश्न

अमेरिकेतील मिशिगन राज्यात डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्ड यांनी १९१७ पासून रूज नदीकाठी एक अवाढव्य कारखाना उभारला. एका बाजूने लोहखनिज आत जाई, दुसऱ्या बाजूने मोटार बाहेर पडे, अशी त्याची ख्याती होती. नदीत काय जाते याकडे कुणी लक्ष दिले नाही. १९६९ मध्ये त्या नदीवरच्या तेलाच्या थराने पेट घेतला.

शतकाच्या अखेरीस हा जुना कारखाना नव्याने बांधायचे ठरले. कारखान्याचे छप्पर आणि मोटारी लावायचे डांबरी मैदान यांवरून वाहणारे पावसाचे पाणी तेल, धूळ आणि धातूंचे कण घेऊन नदीत जात होते. ते शुद्ध करायचे तर मोठे नळ आणि शुद्धीकरणाचे केंद्र हवे. विल्यम मॅकडोना या वास्तुकाराने वेगळा मार्ग सुचवला. ट्रकच्या कारखान्याच्या छपरावर १०.४ एकरांवर पातळ मातीचा थर देऊन सीडम नावाच्या बुटक्या वनस्पती लावल्या. मैदानाचा काही भाग सच्छिद्र केला, खाली खडीचे थर दिले. कडेने उथळ, गवताळ चर खणले. पाऊस पडला की पाणी आधी छपरावर थांबते, मग खडीत, मग चरात, आणि उशिराने, बरेच निवळून, नदीला मिळते. २००३ च्या सुमारास छप्पर हिरवे झाले. डेटनच्या धरणांमागचे तत्त्व इथे कारखान्याच्या आवारात आले. पाण्याला थांबवा, मग सोडा.

या छपरावरच्या सीडमचे आणि किर्लोस्करवाडीच्या निवडुंगाचे एक नाते आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पानांची रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, त्या वेळी पाण्याची वाफ उडून जाते. निवडुंग आणि सीडम मात्र रंध्रे रात्री उघडतात, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्याचे अन्न बनवतात. ही युक्ती पहिल्यांदा नीट अभ्यासली गेली ती सीडम आणि पानफुटी यांच्या कुळात, म्हणून तिला त्या कुळाचेच नाव मिळाले. पानफुटीचे पान पहाटे आंबट आणि संध्याकाळी कमी आंबट का असते, हे यावरून उलगडते. पीएच कागदाने मुले ते तपासू शकतील.

विक्रोळी : न केलेली बाग

आवार सुधारण्याचा आणखी एक मार्ग आहे. जे आहे ते ओळखून त्याला हात न लावणे.

पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ मध्ये मुंबईजवळ विक्रोळीला लिलावात मोठी जमीन विकत घेतली. तिचा पूर्वेकडचा भाग ठाण्याच्या खाडीला लागून होता आणि तिथे खारफुटीचे जंगल होते. भरतीचे पाणी, चिखल, डास. त्या काळच्या समजुतीनुसार ही वाया गेलेली जमीन. मुंबई तर भराव घालूनच वाढलेली. तरीही उद्योगाने कारखाने आणि वसाहत उंच जमिनीवर बांधली आणि खारफुटी राखली. १९८५ पासून तिच्या अभ्यासाची आणि जतनाची रीतसर व्यवस्था सुरू झाली.

तिवराचे झाड खाऱ्या चिखलात कसे जगते ते पाहण्यासारखे आहे. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून त्याची मुळे पेन्सिलींसारखी वर येऊन श्वास घेतात. जास्तीचे मीठ पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. मुळांच्या त्या दाट कुंपणात भरतीच्या लाटेचा जोर मोडतो, गाळ बसतो, मासळीची पिल्ले वाढतात. कोणत्याही माळ्याने न लावलेली ही बाग रोज दोनदा पाणी झेलते आणि परत करते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वरचे समीकरण लावा. सिमेंट घातलेल्या एक हेक्टर आवारावर त्या दिवशी ९४ लाख ४० हजार लिटर पाणी पडले असते, आणि ते जवळजवळ सगळे शेजाऱ्याच्या अंगणात गेले असते. असा पाऊस कोणतेही जंगल एकटे झेलू शकत नाही. पण शहरातले हजारो आवारमालक आपापल्या जमिनीवर फरसबंदी करतात तेव्हा साध्या पावसाचाही पूर होतो. त्या पावसात मुंबईत शेकडो माणसे मेली त्याचे एक कारण पाण्याला थांबायला आणि जायला उरलेली अपुरी जागा हे होते. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील खारफुटीची तोड आणि तिच्यावरचा भराव यांना मनाई केली.

आपल्या शाळेचे आवार

कारखान्यांचा हा इतिहास शिक्षकांना कशासाठी सांगायचा? कारण शाळेलाही आवार असते आणि त्याचे निर्णय अनेकदा तसेच होतात. कुणी देणगी देतो, फाटकाजवळ हिरवळ लावली जाते, पटांगणावर पेव्हर ब्लॉक बसतात, जुना कडुनिंब भिंतीच्या आड येतो म्हणून जातो. समारंभ छान होतो. पुढच्या एप्रिलमध्ये मुले सावली शोधत भिंतीच्या कडेने उभी राहतात.

आमची सूचना अशी, की काहीही लावण्यापूर्वी मुलांना आवाराचा नकाशा काढू द्यावा. पहिल्या मोठ्या पावसात छत्र्या घेऊन पाणी कोठून येते, कोठे तुंबते, कोठून बाहेर पडते ते बाणांनी दाखवावे. मार्च महिन्यात सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता सावल्यांच्या कडा आखाव्यात. मातीवर, हिरवळीवर आणि फरशीवर तळ नसलेला डबा दाबून बसवून त्यात लिटरभर पाणी ओतावे आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळाने मोजावे. फरशीवर डब्याच्या कडेला ओली माती लिंपावी. आधीपासून असलेल्या प्रत्येक झाडाचे नाव, बुंध्याचा घेर आणि त्यावर येणारी पाखरे लिहावीत. शेवटी छपराचे क्षेत्रफळ मोजावे. २०० चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होते. त्यातले थोडे वाया गेले असे धरले तरी बाकीचे कोठे जाते, हा प्रश्न मुलांनी ग्रामपंचायतीला किंवा संस्थाचालकांना विचारावा.

हा नकाशा तयार झाला की कोणते झाड कोठे लावायचे हे बरेचसे आपोआप ठरते. पाणी तुंबते तिथे अर्जुन किंवा करंज, दुपारचे ऊन येते त्या पश्चिमेला कडुनिंब, उताराच्या आडवा एक चर. जमशेटजींच्या सूचनेप्रमाणे भरभर वाढणारे शेवगा, हादगा मध्ये मध्ये लावले तर आज शाळेत असलेल्या मुलांनाही शाळा सोडण्यापूर्वी सावली मिळेल. हिरवळ हवीच असेल तर पावसाळ्यात आपोआप उगवणारे गवत चार महिने हिरवे असते आणि त्याला नळ लागत नाही.

यांतली काही मुले उद्या कारखान्यात, कार्यालयात, नगरपालिकेत काम करतील, एखादी कारखाना काढेलही. जागेचा आराखडा समोर आला की इमारत कोठे बसते हे ती पाहतीलच. त्या आधी उताराचे बाण कागदावर आहेत का, हे पाहण्याची सवय त्यांना शाळेच्या पटांगणातच लागू शकते.